नारळाचा पंचनामा

कोणाला क्षमा करायची झाली तर ती पुराव्यानिशी करावी, असं दत्तात्रेय मुळ्यांचं ठाम मत होतं. तोंडी क्षमेला काही अर्थ नसतो. उद्या समोरचा म्हणाला, की बाबा रे, माझी मुळी चूकच नव्हती, तर तुम्ही क्षमा केलीत ती कशाची? रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत सदतीस वर्षं काढल्यावर माणसाचं मन असंच होतं. कचेरी कुठली ते विचारू नका, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

ज्याला ही क्षमा करायची होती तो धाकू मयेकर, मुळ्यांचा शाळेपासूनचा दोस्त, जन्म बोटीवरच्या नोकरीत काढलेला. मुळ्ये राहायचे नाचण्याला, धाकू भाट्याला. मधे एक पूल आणि रिक्षाची पंधरा-वीस मिनिटं. पण चौतीस वर्षांत ना हे तिकडे गेले, ना तो इकडे आला. बाजारात समोरासमोर आलेच तर मुळ्ये कोबीचा गड्डा उचलून त्याच्याकडे अशा नजरेनं बघत बसत, की भाजीवालीलाच शंका यायची.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी धाकूचा मुलगा सर्वेश दारात उभा राहिला. सर्वेश न्यूझीलंडला असतो. चहा घेता घेता म्हणाला, की बाबांना कायमचं तिकडे घेऊन चाललोय, वीस दिवसांनी निघतो, आणि बाबांनी सांगितलंय, दत्तूला कळव.

तो गेल्यावर मुळ्ये तासभर झोपाळ्यावर बसून होते. ‘कळव’ म्हणजे काय? माहितीस्तव कळव, की कार्यवाहीस्तव? सरकारी पत्रावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. दर्यावर्दी माणसाला एवढी पोच कुठली?

“त्यात काय एवढा विचार करायचा? उद्या सकाळी जा, भेटून या,” कुसुमताई आतून म्हणाल्या. “सोलकढीसाठी कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या द्या बरोबर. त्या देशात मिळणार नाही त्याला.”

“जातो ना. पण क्षमा करायला जातो,” मुळ्ये म्हणाले. “नि त्याला पुरावा लागेल.”

कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. कशाचा पुरावा ते त्यांना बरोब्बर ठाऊक होतं. नारळाचा.

आता हा नारळ समजून घ्यायला हवा, कारण तो झाडाला लागलेला नव्हता. तो कॉम्प्युटरमधला होता. एक्याण्णव साली मुळ्यांच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली मिळाली, खोलीला गारवा करणारं यंत्र मिळालं आणि बाहेर ‘पादत्राणे काढून आत यावे’ अशी पाटी लागली. देवळात न जाणारी माणसंसुद्धा तिथे येऊन हात जोडून जात. मुळ्यांना त्याचं पंधरा दिवसांचं शिक्षण देऊन आणलेलं असल्यामुळे पुजारीपण त्यांच्याकडे आलं. त्याच पावसाळ्यात धाकू बोटीवरून सुट्टीला आला आणि येताना सिंगापूरहून तीन फ्लॉप्या घेऊन आला. तळहाताएवढ्या, काळ्या, वाकणाऱ्या. त्यांत एक गेम होता. कुठल्याशा इंग्रजी चित्रपटावरून बेतलेला. बेटावरचा दीपस्तंभ, त्यातलं गुपित, वादळात फुटलेली होडी, असा सगळा मामला. चित्रपट दोघांनीही बघितलेला नव्हता. त्यामुळे पुढे काय होणार हे गेमलाच ठाऊक.

हल्लीच्या गेमसारखी त्यात मारामारी नव्हती. वर चित्र दिसायचं, हिरव्या रंगात. खाली एक रिकामी ओळ. त्या ओळीत तुम्ही इंग्रजीतून हुकूम लिहायचा, की दोरी घे, दार उघड. समजलं तर यंत्र ते करायचं, नाहीतर समजलं नाही म्हणून सांगायचं. मुळ्यांचं इंग्रजी कचेरीतलं. त्यांनी पहिल्याच दारापाशी ‘काइंडली ओपन द डोअर अ‍ॅट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ असं लिहिलं, आणि यंत्र म्हणालं, काइंडली म्हणजे काय ते मला माहीत नाही. मुळ्यांना तो अपमान बरेच दिवस लागला होता. धाकूचं इंग्रजी बोटीवरचं, दोन शब्दांचं. घे. सोड. ओढ. त्यामुळे खेळ पुढे सरकला तो धाकूमुळे, हे मुळ्येही खासगीत मान्य करत.

कचेरी सुटली की दोघं बसायचे. हळूहळू सगळा स्टाफ मागे उभा राहायला लागला. साहेबसुद्धा सकाळी सही करता करता विचारायचे, की मुळ्ये, दीपस्तंभ किती लांब? खेळ अर्धवट थांबवायचा तर तो फ्लॉपीवर साठवता येई. तेव्हा यंत्र तुमचं नाव आणि एका ओळीचं टिपण मागून घेई. ही गोष्ट मुळ्यांना फार आवडली होती. खेळ का होईना, रीतसर नोंद ठेवत होता.

तर त्या खेळात सुरुवातीलाच फुटक्या होडीत तीन वस्तू मिळायच्या. वल्हं, दोरी आणि नारळ. धाकू तेव्हाच म्हणाला होता, की नारळाला हात लावायचा नाय, पुढे वाटेत कोण ना कोण राखणदार भेटणार, त्याला द्यायला लागणार. मुळ्ये हसले होते. इंग्रजांच्या बेटावर कुठला राखणदार? पण भेटला. दीपस्तंभाच्या दारात एक दाढीवाला धिप्पाड माणूस उभा होता आणि तो कोणाला आत सोडत नव्हता. अठरा दिवस दोघं त्याच्यापुढे डोकं आपटत होते. ढकलून झालं, विनवून झालं, वल्ह्यानं मारून झालं. मारलं की हीरोच मरायचा. नारळ द्यायचं धाकूनं काढलं की मुळ्ये उडवून लावायचे, की इंग्रज माणूस नारळ घेऊन काय करणार? शेवटी धाकूनं नारळ काढायला झोळी उघडली, तर झोळीत वल्हं होतं, दोरी होती, नारळ नव्हता. वाटेत कोणीतरी तो खाल्ला होता.

सगळा स्टाफ मागे उभा. साहेबही होते. मुळ्ये मागे वळून म्हणाले, की धाकूनंच खाल्ला असणार, बोटीवरच्या माणसांना दिसेल ते तोंडात टाकायची सवय असते. सगळे हसले. साहेब तर खो खो हसले. धाकू उठला, पाटीखालच्या चपला पायांत घातल्या आणि चालता झाला. फ्लॉप्यासुद्धा न घेता. चार दिवसांनी तो बोटीवर गेला. त्यानंतर चौतीस वर्षं बोलणं नाही. मुळ्यांचं म्हणणं साधं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर. नारळ खाल्लान, बरं, खाल्लान. वर रुसायचं कसलं?

तर आता पुरावा. फ्लॉप्या कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांच्या डब्यात होत्या. साठवलेल्या खेळांची यादी त्यांत होती आणि प्रत्येक ओळीपुढे नाव होतं. धाकूच्या नावापुढचा नारळ दाखवायचा, त्याला म्हणायचं, की हे बघ, झालं गेलं विसरून गेलो मी, आणि मिठी मारायची. क्रम ठरलेला होता. मुळ्यांनी तो कागदावर लिहूनही काढला.

डबा उघडला तर फ्लॉप्यांवर बुरशी. कोकणात चौतीस पावसाळे काढल्यावर माणसाला बुरशी येते, फ्लॉपीचं काय घेऊन बसलात. डब्याच्या तळाशी कॉम्प्युटरच्या कळफलकाची एक सुटी कळही होती, ‘एन’ अक्षराची. भांडणाच्या दिवशी धाकू गेल्यावर मुळ्यांनी रागानं कळफलकावर मूठ हाणली होती, तेव्हा ती उडाली होती. खिशात घातली ती पुढे फ्लॉप्यांबरोबर डब्यात गेली असणार. मुळ्यांनी ती बाजूला ठेवली.

शेजारचे काशीराम निवृत्त कंपाउंडर. दगडी गडग्यापलीकडून सगळं बघून ते स्वतःहून आले. त्यांच्या मते बुरशी म्हणजे त्वचारोग. त्यांनी प्रत्येक फ्लॉपीचं पाकीट कडेनं अलगद कापलं, आतली तबकडी काढून ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, आणि दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं नको, असं बजावलं. मुळ्यांनी तिन्ही तबकड्या सुपात घालून अंगणात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिसरी तबकडी कावळ्यानं उचलली.

कावळा ती घेऊन काशीरामांच्या माडावर बसला. मुळ्ये खालून हाका मारत होते. काशीराम म्हणाले, की कोणी पितर असंतुष्ट असेल, काही राहिलंय का करायचं? मुळ्यांनी, धाकूला क्षमा करायची राहिल्येय, असं मनात म्हटलं, आणि त्याच क्षणी कावळ्यानं तबकडी सोडली. ती वाऱ्यावर गिरकी घेत काशीरामांच्या विहिरीत पडली. पोहऱ्यानं काढली तेव्हा तिला शेवाळ लागलं होतं. काशीरामांनी ती पुन्हा पुसून तिन्ही तबकड्या पाकिटांत परत घातल्या, पण त्यांचा चेहरा पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाचा झाला होता.

पुण्याहून मुलाचा, उन्मेषचा फोन आला. त्यानं सांगितलं, की बाबा, तो गेम इंटरनेटवर फुकट मिळतो, मोबाइलवर खेळा. मुळ्ये म्हणाले, की त्यात धाकूनं खाल्लेला नारळ आहे का? नाही ना? मग तो माझ्या काय उपयोगाचा. उन्मेषनं आईला फोन द्यायला सांगितलं.

कुसुमताईंनी निराळीच वाट काढली. तो मूळ चित्रपटच बघू म्हणाल्या, उलगडा तरी होईल. दोघांनी जेवणं झाल्यावर दुपारी तो बघितला. बघता बघता मुळ्ये खुर्चीत खचत गेले. चित्रपटात होडी होती, वादळ होतं, दीपस्तंभ होता. दाढीवालाही होता. हीरोनं सरळ त्याच्या डोक्यात वल्हं घातलं आणि आत जाऊन खजिना घेऊन आला. वर एक बाईही मिळवली. नारळ औषधालासुद्धा नव्हता. चित्रपटात चाललं ते खेळात चालत नव्हतं, आणि खेळात जो नारळ होता तो खेळ रचणाऱ्यानं पदरचा घातला होता.

“सिनेमात नारळच नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “आणि तुम्ही चौतीस वर्षं त्याच्यावरून घरात हूं की चूं करू दिलं नाहीत.”

मुळ्ये म्हणाले, की चित्रपट हा पुरावा होऊ शकत नाही. पण त्या दुपारी त्यांनी झोप घेतली नाही.

मग फ्लॉपी चालवणारं यंत्र शोधणं सुरू झालं. रत्नागिरीतल्या दुकानांत मुलांनी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, की ही चार्ज कुठून होते? चिपळूणला एकाकडे तसली चार यंत्रं होती, ती पुरात गेली. देवरूखला एकाकडे आहे असं कळलं म्हणून मुळ्ये सकाळच्या एसटीनं गेले. होतं, पण त्या गृहस्थांनी ते आतून मोकळं करून त्यात मधाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. मुळ्ये बाटली घेऊन परत आले. कुसुमताईंनी मध चांगला आहे एवढंच म्हटलं.

बारा दिवस संपले होते. धाकूचं सामान बांधून होत आल्याची बातमी काशीरामांनी मासळीबाजारातून आणली. त्या संध्याकाळी मुळ्यांनी ताट तसंच ठेवलं. कुसुमताईंनी ते झाकून ठेवलं. मुळ्यांना एकदम वाटलं, की आपण इथे यंत्रं शोधत बसणार आणि तो विमानात जाऊन बसणार. मग कोबीच्या गड्ड्याकडे बघायलासुद्धा कोणी उरणार नाही. आणि मग, ज्या माणसाला सगळीकडे शोधावं तो माळ्यावर सापडावा तसं, त्यांना आठवलं. कचेरीतला तो मूळ कॉम्प्युटर अजून तिथेच होता.

होता, कारण मुळ्यांनीच तो जाऊ दिला नव्हता. सरकारी वस्तू भंगारात काढायची तर तिचं निर्लेखन व्हावं लागतं. समिती बसते, यादी होते, सह्या होतात. दोन हजार चार साली समिती बसली तेव्हा मुळ्यांनी यादीवर लाल शाईनं शेरा मारला होता, की कळफलकावरील एक कळ आढळून येत नाही, सदर कळ शोधून सादर केल्याखेरीज प्रस्ताव विचारात घेता येणार नाही. पुढे त्यांनी दर वर्षी स्मरणपत्रंही काढली. पंधरा वर्षं हा माणूस अख्ख्या कचेरीकडे जी कळ लेखी मागत होता ती त्याच्याच घरात, बिस्किटांच्या डब्यात होती. हे ध्यानात आल्यावर मुळ्ये कपाटाला टेकून उभे राहिले. मग त्यांनी ती कळ रुमालात बांधली.

कचेरीत त्यांच्या टेबलावर आता मृणाली शिवलकर होती. तिला त्यांनीच तयार केलं होतं. अर्जात चूक काढता आली नाही तर तो दोनदा वाचावा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मुळ्यांनी अर्ज दिला. तिनं आदरानं चहा मागवला, अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि तीन त्रुटी काढल्या. निवृत्त माणसाला सरकारी यंत्र वापरता येत नाही. प्रयोजन सार्वजनिक हिताचं नाही. आणि चित्रपटावर आधारित खेळ असं अर्जात लिहिलंय, तेव्हा करमणुकीचे परवाने बघणाऱ्या टेबलाचा अभिप्राय लागेल. मुळ्ये त्या टेबलाकडे गेले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, की पडदा केवढा? चौदा इंची. प्रेक्षक किती? दोन. बाहेर पडायचे दरवाजे किती? मुळ्ये म्हणाले, की दरवाजा एकच आहे आणि तोच उघडत नाहीये. गृहस्थांनी तसं लिहून घेतलं आणि आग विझवणाऱ्या खात्याकडून दाखला आणायला सांगितला.

मुळ्ये परत येऊन मृणालीसमोर बसले. सदतीस वर्षं ह्याच बाकावर त्यांनी माणसं बसवली होती. बाक इतका टणक आहे हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रुमाल सोडला, कळ टेबलावर ठेवली आणि कळीची, नारळाची, धाकूची सगळी हकिगत सांगून टाकली. विमान कधी आहे तेही सांगितलं.

मृणालीनं कळ उचलून उलटसुलट बघितली. मग तिनं जुनी फाइल काढली. कळ सापडली म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव पुन्हा जिवंत झाला. निर्लेखनाआधी यंत्र चालतं की नाही याची चाचणी घ्यावी लागते. चाचणीचा पंचनामा करावा लागतो. पंचनाम्याला दोन पंच लागतात.

“नियमाप्रमाणे पंच माहितगार हवेत, काका,” ती म्हणाली. “हे यंत्र चालवलेली दोनच माणसं आहेत. एक तुम्ही. दुसऱ्यांना मी नोटीस काढते.”

आपल्या हातून एक तरी माणूस बरा तयार झाला, असं मुळ्यांना त्या दिवशी वाटलं. त्यांचे डोळे भरून आले, पण समोर शिपाई असल्यामुळे त्यांनी ते पंख्याच्या धुळीवर ढकललं.

निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी तीन वाजता धाकू आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी, खिशात नोटीस. केस पार पिकलेले. त्या खोलीत आता तुटक्या खुर्च्या आणि निवडणुकीच्या पेट्या होत्या, पण पाटी अजून होती. धाकूनं ती वाचली आणि चपला काढल्या. मग बाकाच्या एका टोकाला बसला. मुळ्ये दुसऱ्या टोकाला होतेच. मधे चौतीस वर्षं आणि मृणालीची फाइल.

यंत्राचं झाकण उघडलं तर आत पालीची दोन अंडी. शिपायानं ती खिडकीत नेऊन ठेवली. पहिल्यांदा बटण दाबल्यावर अख्ख्या कचेरीचे दिवे गेले, आणि तीनच वाजले असूनही काही माणसं घरी निघाली. फ्यूज बांधून दुसऱ्यांदा दाबलं, तेव्हा आतून घरघर झाली, काहीतरी जळल्याचा वास आला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मुळ्यांनी ‘एन’ची कळ जागेवर बसवली. फ्लॉपी घातली. ती वाचली गेली. काशीरामांचा हातगुण.

मुळ्यांनी क्षमेचा कागद खिशातून काढला, चष्मा पुसला, आणि साठवलेल्या खेळांची जुनी यादी मागवली. खेळताना दोघं नेहमी शेवटचाच आकडा दाबायचे. सगळी यादी मागवायची वेळ एरवी येतच नसे. पाच ओळी होत्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी.

पहिली ओळ धाकूची. होडीतून उतरलो, नारळ आहे. दुसरी धाकूची. गुहा पार, नारळ आहे. तिसरी ओळ मुळ्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले. मृणालीनं पंचनाम्यासाठी ती पुढे वाचली.

“दत्तू. सोमवार. नारळ खाल्ला. बरे वाटले.”

आणि मग मुळ्यांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. श्रावणातला सोमवार होता. सकाळपासून पोटात एक राजेळी केळं आणि दोन कप चहा. धाकू पान खायला बाहेर गेला होता. पडद्यावर तो हिरवा नारळ दिसत होता, आणि भुकेनं कळवळून त्यांनी लिहून टाकलं होतं, की नारळ खा. यंत्र म्हणालं होतं, तुम्हाला आता बरं वाटतंय. आणि खरोखरच वाटलं होतं. उपास कॉम्प्युटरवर मोडलेला असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि मोडला, तर निदान लपवायचा तरी. रीतसर नोंद करून ठेवली होती.

क्षमेचा कागद अजून त्यांच्या हातातच होता. त्यावर क्षमेचे सहा मुद्दे होते.

“तुला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

“व्हय,” धाकू म्हणाला. “नारळ नाय म्हटल्यावर त्याच वेळेला यादी बघणार होतो. खेळणारे आपण दोघंच, मी खाल्ला नव्हता. तू मागं वळून बोललास, मग बघायची गरजच नाय राहिली. होडीतला नारळ मी खाईन, दत्तू? दर्यावर जाणारा मानूस मी. नारळी पुनवेला दर्याला दिल्याबिगर आमच्यात कोण नारळाला सुरी लावत नाय. हावरा म्हनला असतास तर मी पन हसलो असतो. पर तू सगळ्यांच्या देखत मला राखणदाराचा नारळ खाणारा केलास.”

“मग बोलला का नाहीस?”

“साहेब हुता, सगळा स्टाफ हुता. तू तोंडावर पडला असतास. म्हटलं, घरी येऊन बोलशील.” धाकू काठीच्या मुठीकडे बघत होता. “थांबलो हुतो.”

मुळ्यांनी क्षमेच्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो खिशात ठेवला. मग मृणालीला म्हणाले, की लिहून घ्या. भाषा सवयीची होती.

“पंच क्रमांक एक यांनी कबूल केलं, की सदर नारळ त्यांनीच खाल्ला. पंच क्रमांक दोन यांचा त्याच्याशी कधीही काही संबंध नव्हता. पंच क्रमांक एक यांना याबद्दल फार वाईट वाटतं. हे शेवटचंसुद्धा लिहा.”

“उपास मोडला ते पन लिवा,” धाकू म्हणाला.

आधी मृणाली हसली. मग धाकू हसला, आणि त्याला खोकला आला, आणि मुळ्ये त्याच्या पाठीवरून हात फिरवायला उठले ते त्याच्याच शेजारी बसले.

साडेचार वाजले होते. यादीतली दुसरी ओळ अजून पडद्यावर होती. गुहा पार, नारळ आहे. इतकी वर्षं तो नारळ तिथे शाबूत होता आणि कोणीही मागे जाऊन तो उचलू शकलं असतं. मुळ्यांनी दुसरा आकडा दाबला आणि कळफलक धाकूपुढे सरकवला. मी हात लावत नाही म्हणाले, मला खायला सुचेल. धाकूनं एका बोटानं दलदल पार केली. घे, सोड, ओढ. सव्वापाचला दीपस्तंभाचं दार आलं. दाढीवाला तिथेच उभा होता, त्याचं वय झालं नव्हतं. धाकूनं दोन शब्द लिहिले, की नारळ दे.

यंत्र बराच वेळ घरघरलं. मग दाढीवाला बाजूला झाला आणि दार उघडलं. पडद्यावर ओळ आली, की आत या, तुमचीच वाट बघत होतो, आणि खाली, तिसरी फ्लॉपी घाला.

तिसरी म्हणजे विहिरीतली. घातली. तीनदा घातली. पुसून घातली. यंत्रानं ती ओळखायला साफ नकार दिला.

“आत काय असंल?” धाकूनं विचारलं.

मुळ्ये म्हणाले, की सिनेमात खजिना होता, पण सिनेमावर माझा विश्वास नाही. धाकू म्हणाला, की दार उघडलं ना, मग झालं. दोघांनी पंचनाम्यावर सह्या केल्या. मृणालीनं शेवटी अभिप्राय लिहिला, की यंत्र चालू स्थितीत आढळलं, सबब त्याचं निर्लेखन करता येत नाही. त्यामुळे ते अजून तिथेच आहे, कळीसकट.

धाकू निघाला त्या दिवशी सकाळीच मुळ्ये भाट्याला गेले. पंधरा मिनिटं लागली. कुसुमताईंनी दिलेल्या आगळाच्या बाटल्या त्यांनी सर्वेशकडे दिल्या आणि धाकूला म्हणाले, की गाडीला वेळ आहे, जरा खाली येतोस का? किनाऱ्यावर ओहोटी होती. पुळणीवर पोचल्यावर मुळ्यांनी पिशवीतून नारळ काढला. शेंडी ठेवलेला, सोललेला, आदल्या दिवशी स्वतः निवडून आणलेला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धाकूपुढे धरला. एवढा मोठा पल्ला जाणार आहेस, दर्याला देऊन जा, असं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, की घे.

धाकूनं नारळ घेतला. त्याच्याकडे बघितलं, मुळ्यांकडे बघितलं, आणि तो कानापाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं.

“नारळ हाय,” तो म्हणाला, आणि दोघं पाण्याकडे चालायला लागले.